लाल मोजे, पांढरी निकर: १८६९ च्या एका गणवेशाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

क्लबच्या हिवाळी बैठकीत एक काम अंगावर घेतलं आणि घरी येताना गाडीतच पश्चात्ताप सुरू झाला. आमचा क्लब ओहायोतल्या कोलंबसचा. १८६० च्या दशकातल्या नियमांनी बेसबॉल खेळतो: हातात ग्लोव्ह नाही, पिचर चेंडू खालून टाकतो, सगळे एकमेकांना उगाच जास्त अदबीने बोलतात. मी खेळत नाही, गुण लिहिते. नियम जुने असले तरी खेळाडूंच्या अंगात आजवर छापील अक्षराचे सुती शर्ट होते. जूनमधल्या प्रदर्शनी सामन्यासाठी कप्तानाला एक तरी खरा पोशाख हवाय. "तुझे वडील टेलर ना?" एवढ्या चौकशीवर निर्णय झाला.

वडील टेलर हे खरं. मिरजेत नानांचं दुकान पस्तीस वर्षं चाललं आणि बारावीपर्यंत दर सुट्टीत काजं-बटणं माझ्याकडे असायची. पण ते जुनं झालं. आता दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. सुई हातात येते ती फक्त लेकीच्या नाटकाच्या वेळी.

नमुना ठरला: सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, साल १८६९. घराजवळचा संघ, आणि सगळ्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला. एका पिचरपुरता पोशाख शिवायचा: टोपी, शर्ट, निकर, मोजे. बूट बाजारातून.

११ फेब्रुवारी

मुळापासून वाचायला घेतलं. पोशाख ठरवणारा पहिला क्लब न्यूयॉर्कचा निकरबॉकर. २४ एप्रिल १८४९ रोजी त्यांनी ठराव केला: निळी लोकरी विजार, पांढरा फ्लॅनेलचा शर्ट, गवती टोपी. पगार वगैरे काही नाही, कामधंदा सांभाळून खेळणारे सभ्य गृहस्थ. डोक्यावर गवती टोपी घेऊन धावायचं कसं, हा प्रश्न त्यांनाही पुढे पडला असावा, कारण नंतर कापडी टोप्या आल्या. ब्रुकलिनच्या एक्सेलसियर संघाची १८६० ची टोपी मात्र बघून ठेवण्यासारखी आहे: गोल डोकं, वर मधोमध बटण, पुढे लांब छपरी. आज गल्लीतल्या पोराच्या डोक्यावर असते ती टोपी त्याच घराण्यातली.

या नावात एक गंमत आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८०९ मध्ये निकरबॉकर हे टोपणनाव घेतलं. त्यावरून न्यूयॉर्कच्या जुन्या डच घराण्यांना निकरबॉकर म्हणू लागले, मग त्या डच लोकांच्या गुडघ्याशी आवळलेल्या विजारीलाही तेच नाव पडलं. ते तुटत तुटत आपल्याकडे 'निकर' होऊन आलं. पण निकरबॉकर नावाचा क्लब मात्र पायघोळ विजारीत खेळायचा. गुडघ्याशी संपणारी निकर बेसबॉलमध्ये रुळवली ती सिनसिनाटीकरांनी, जवळजवळ वीस वर्षांनी.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस एका छायाचित्रात गेला. १८६९ चा संघ, दहा जण, तपकिरी कागद. मधे कप्तान हॅरी राइट दाढीसकट. शर्ट पांढरा, छातीवर ढालीसारखा तुकडा, त्यावर जुन्या वळणाचा 'सी'. मोजे जवळजवळ काळे.

मी लेकीला विचारलं, हे मोजे कुठल्या रंगाचे? ती म्हणाली, काळे. मी म्हटलं, संघाचं नाव वाच.

त्या काळी कोलोडियनचं ओलं रसायन फासून काचेवर छायाचित्र घेत. त्या रसायनाला निळा उजेड दिसतो आणि लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणून लाल वस्तू काळी उमटते, पिवळीही गडद होते आणि निळी मात्र फिकी पडते. हे वाचून समाधान होईना. शिवणाच्या डब्यातली रिळं काढली: लाल, सोनेरी पिवळं, फिकं निळं, गर्द निळं, पांढरं. खिडकीत मांडून फोनने फोटो काढला, संगणकावर त्यातला लाल आणि हिरवा भाग काढून टाकला, फक्त निळा ठेवला. समोर आलं ते पाहून मी रिळं पुन्हा एकदा मोजली. लाल रीळ कोळशासारखं. पिवळं, जे टेबलावर सगळ्यात आधी डोळ्यात भरत होतं, तेही मळकट काळं. फिकं निळं आणि पांढरं ही तर जुळी भावंडं, कुठलं कुठलं ते कळेना.

म्हणजे जुनी छायाचित्रं बघून रंग ठरवणारा हमखास फसणार. या पोशाखांचा आकार चित्रावरून घ्यावा, रंग मात्र लिहिलेल्यावरून. सुदैवाने वृत्तपत्रवाले रंगांबद्दल भरभरून लिहीत, कारण मैदानात पाठीवर आकडे नव्हते. लांबून माणूस ओळखायचा तर रंगावरूनच. पाठीवर नियमित आकडे यायला १९२९ साल उजाडलं. तेव्हा न्यूयॉर्क यांकीजनी फलंदाजीच्या क्रमाने आकडे दिले, म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४.

२५ फेब्रुवारी

शर्ट बेतायला घेतला. ढालीबद्दल आधी लिहून ठेवते.

ही ढाल म्हणजे वेगळा कापलेला दुहेरी तुकडा. खांद्याखाली रुंद, पोटाकडे निमुळता किंवा सरळ, कडेने काजं, शर्टावर बटणं. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे शर्ट असेच असत आणि सुरुवातीच्या क्लबांत ही मंडळी पुष्कळ होती. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघाचं नावच मुळी म्युच्युअल हुक अँड लॅडर कंपनी या अग्निशमन तुकडीवरून आलं. क्लबचं अक्षर लावायला ढाल आयती जागा. बाराबंदीच्या पुढच्या पदरासारखी कल्पना, फक्त बंदांऐवजी बटणं.

नानांना फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली आणला.

"हे लाळेरं आहे होय गं?"

"नाना, अमेरिकेतला पहिला पगारी संघ आहे तो."

"असंल. पगार घेऊन लाळेरं घालत होते." मग थोडं थांबून, धंद्याचा आवाज: "कॉलरची पट्टी त्याच कापडाची घेऊ नकोस. लोकर मानेला चावती. आतनं सुती लाव."

याला पुरावा नंतर सापडला. खेळाडूंनाही ती कॉलर फार काळ सहन झाली नाही. जॉन मॅकग्रॉच्या न्यूयॉर्क जायंट्सनी १९०६ मध्ये कॉलर काढूनच टाकली. त्या शर्टांवर संघाचं नाव नव्हतं, छातीभर 'जगज्जेते' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेत हाच मॅकग्रॉ संघाला काळ्याकुट्ट फ्लॅनेलमध्ये घेऊन उतरला होता, पांढऱ्या अक्षरांसकट, आणि जिंकला होता. पोशाखाने समोरच्याला अर्धं हरवता येतं, असा त्याचा हिशोब असणार.

काखेत चौबगला (चौकोनी जोडतुकडा) घेतला आहे. त्या काळच्या शर्टांना असे, आणि खालून चेंडू टाकणाऱ्या माणसाचा हात मोकळा हवाच.

३ मार्च

आज नुकसान. पांढरं लोकरी फ्लॅनेल ऑनलाइन मागवलं होतं, 'आधीच आटवलेलं' असं लिहून दिलेलं. विश्वास ठेवायला नको होता. नशीब, कापायच्या आधी एक हातभर तुकडा कोमट पाण्यात टाकून बघितला: लांबीत जवळजवळ दहा टक्के गेला आणि लव उठून कांबळ्यासारखा झाला. सगळं कापड न्हाणीत भिजवून, न पिळता, टॉवेलवर आडवं वाळवलं. आता शर्ट होतो, पण बाह्यांना जोड द्यावा लागणार. जोड कोपराच्या वर घेते, दिसणार नाही.

जाता जाता: लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. जुलैच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा फ्लॅनेल शर्ट घालून ही माणसं खेळली ती त्या भरवशावर. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं बेसबॉलचे गणवेश लोकरीचेच राहिले.

१६ मार्च

लांब शिलाया यंत्रावर, काजं हाताने. यात बनवाबनवी नाही. एलायस हाऊचं शिवणयंत्राचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. १८६९ मध्ये धंद्याच्या टेलरकडे यंत्र असणारच. काजं मात्र मी हाताने करणार हे आधीच ठरलं होतं, हट्ट म्हणा.

सिनसिनाटीचे कपडे शिवले बर्था बर्ट्रम या बाईंनी. त्यांचं दुकान एल्म स्ट्रीटवर होतं. जॉर्ज एलार्ड हे क्लबातले खेळाच्या सामानाचे व्यापारी, त्यांनी हे काम बर्ट्रमबाईंना दिलं. संघाचा इतिहास लिहिणारे हॅरी राइटचे पान पान गुण गातात, बर्ट्रमबाईंना एक ओळ मिळते. ती ओळ मी या वहीच्या पुठ्ठ्यावर आत लिहून ठेवली आहे.

पहिलं काज वाया. दोरा मेण न लावता घेतला, लोकरीची लव त्यात अडकून गुंता झाला. दुसऱ्याला मेण लावलं, काजाखाली पातळ सुती पट्टी दिली, आधी कडेने धावदोरा घालून मग भोक पाडलं. लवदार कापडात आधी भोक पाडलं की कडा विस्कटते, हे मला पंधराव्या वर्षी माहीत होतं. आता पुन्हा शिकले. संध्याकाळपर्यंत पाच. एकूण चौदा हवीत.

३० मार्च

मोजे. खरं तर सगळं प्रकरणच मोज्यांचं आहे.

१८६७-६८ च्या सुमारास एलार्ड आणि राइट यांनी विजार गुडघ्याशी कापली. हॅरी राइट जन्माने शेफिल्डचा, बापलेक दोघे क्रिकेटचे पेशेवर; न्यूयॉर्कला क्रिकेट खेळता खेळता तो बेसबॉलमध्ये आला. पायघोळ विजार धावताना पायात येते, तिला घोट्याशी पट्टा बांधावा लागतो, हे त्याने स्वतः भोगलेलं. कापल्यावर पोटऱ्या उघड्या पडल्या. पुरुषांच्या पोटऱ्या चारचौघांत दिसणं तेव्हा धीटपणाचंच. त्या झाकायला लांब मोजे आले आणि त्यांना भडक लाल रंग दिला. झाकायचं म्हणून आणलेली वस्तू सगळ्यात आधी दिसू लागली. संघाचं कागदावरचं नाव सिनसिनाटी बेस बॉल क्लब; लोकांनी मोजे बघून रेड स्टॉकिंग्ज म्हणायला सुरुवात केली आणि कागदावरचं नाव मागे पडलं.

मग साथच आली. शिकागोने त्यांना हरवायला म्हणून १८७० मध्ये संघ उभा केला, त्याचं नाव व्हाइट स्टॉकिंग्ज. सेंट लुईसचे ब्राउन स्टॉकिंग्ज. न्यूयॉर्कच्या म्युच्युअलना हिरव्या मोज्यांवरून ओळखत. गावाचा अभिमान काय, तर पोटरीचा रंग.

यात पैशाचं गणित होतंच. १८६९ च्या हंगामाचे पगार सांगतात ते असे: सगळ्यांचे मिळून ९,३०० डॉलर, त्यात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्यांच्या, मधला क्षेत्ररक्षक) जॉर्ज राइटचे १,४०० आणि त्याचा थोरला भाऊ, कप्तान हॅरीचे १,२००. दहा जणांत सिनसिनाटीचा गावकरी एकच, पहिल्या बेसवरचा चार्ली गूल्ड. बाकी सगळे बाहेरून आणलेले. परक्या माणसांना एका रंगात बुडवलं की ती गावची होतात. आणि पगार द्यायचा तर तिकिटं खपायला हवीत, तिकिटं खपायची तर लांबून नजरेत भरायला हवं.

आता रंग. लोकरीचे पांढरे मोजे एका ओळखीच्या बाईंकडून यंत्रावर विणून घेतले. पहिली जोडी कोचिनीलमध्ये रंगवली: निवडुंगावरचे वाळलेले किडे कुटून, तुरटीच्या पाण्यात मुरवलेल्या लोकरीवर. घरभर ओल्या कुत्र्याचा वास. रंग आला तो किरमिजी, डाळिंबाच्या दाण्यासारखा, निळसर झाक मारणारा. सुंदर, पण हा नव्हे. भडक शेंदरी लाल हवा तर तुरटीऐवजी कथिलाचा क्षार लागतो, आणि तो मी स्वयंपाकघरात उकळणार नाही. दुसऱ्या जोडीला सरळ लोकरीचा तयार रंग आणि व्हिनेगर. हा लाल बरोबर. शेवटची दोन धुणी उरकली, पाणी गुलाबीच येत होतं. उशीर झाला होता, म्हटलं पुरे.

(ही ओळ जूनमध्ये वाचताना कपाळावर हात मारला.)

१४ एप्रिल

शिवण बाजूला. आज १८८२ वाचलं आणि हसून हसून पुरेवाट झाली. हे इथे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

नॅशनल लीग ही बेसबॉल संघांची स्पर्धा १८७६ ला सुरू झाली. त्याच वर्षी शिकागोत अल्बर्ट स्पॉल्डिंगने प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाची टोपी दिली, म्हणजे प्रेक्षकाला माणूस ओळखता यावा. एका वृत्तपत्राला तो ट्युलिपचा वाफा वाटला. त्यावरून शहाणपण यायला हरकत नव्हती. सहा वर्षांनी लीगने तोच खेळ सगळ्यांवर लादला. ठराव असा की शर्ट आणि टोपीचा रंग संघावर नाही, जागेवर ठरेल. पिचरचा फिका निळा, कॅचरचा शेंदरी, शॉर्टस्टॉपचा मरून, पहिल्या बेसवाल्याला लाल-पांढरे पट्टे, असं करत करत नऊही जणांना. वर हे शर्ट रेशमी. निकर सगळ्यांची पांढरी. मग संघ कुठला ते कशावरून कळायचं? मोज्यांवरून! बोस्टनचे लाल, शिकागोचे पांढरे, डेट्रॉइटचे जुन्या सोन्याच्या रंगाचे, प्रॉव्हिडन्सचे फिके निळे, ट्रॉयचे हिरवे, वूस्टरचे तपकिरी, बफेलोचे राखाडी, क्लीव्हलंडचे गर्द निळे.

आता डोळ्यासमोर आणून बघा. दोन्ही संघांचे शॉर्टस्टॉप मरून रंगाचे. यातला एक धावत दुसऱ्या बेसकडे येतोय, दुसरा तिथे चेंडूची वाट बघत उभा. दोघांच्या अंगावर एकच शर्ट, डोक्यावर एकच टोपी. क्षेत्ररक्षकाने चेंडू फेकायच्या आधी गुडघ्याखाली बघायचं! आपल्याच संघातले नऊ जण नऊ रंगांचे, आणि समोरच्या संघात आपला एकेक जुळा. खेळाडूंना ते विदूषकाचे कपडे वाटले. रेशीम उन्हात अंगाला चिकटायचं ते वेगळंच. हंगाम संपायच्या आतच हा कारभार गुंडाळला.

कॉलेजात आमच्या गॅदरिंगच्या समितीने एकदा स्वयंसेवकांना कामानुसार बिल्ल्यांचे सात रंग दिले होते. तासाभरात कुणालाच कुठला रंग कशाचा ते आठवेना आणि सगळे 'ए दादा' वर आले. लीगच्या पुढाऱ्यांचं काही वेगळं झालं नाही.

रिळांचा प्रयोग या आठ मोज्यांवर लावून बघितला. त्या काळच्या काचेवर प्रॉव्हिडन्सचा फिका निळा आणि शिकागोचा पांढरा एकसारखे उमटणार. डेट्रॉइटचं सोनं काळवंडणार. इतके रंग एका वर्षात एका मैदानात कधीच नव्हते, आणि कॅमेऱ्यासाठी ते सगळे काळ्या-करड्यात जमा.

२८ एप्रिल

सिनसिनाटीला जाऊन आले, गाडीने दोन तास. रेड स्टॉकिंग्ज ज्या युनियन ग्राउंड्सवर खेळत, ते मैदान आजच्या युनियन टर्मिनल स्थानकाच्या परिसरात होतं. समोर कारंजं, शाळेची सहल, आइस्क्रीमची गाडी. काही शोधायला गेले नव्हते, फक्त उभं राहायचं होतं. एल्म स्ट्रीटवरूनही दोन फेऱ्या मारल्या. बर्ट्रमबाईंचं दुकान कुठे असेल हे ठरवायचा प्रयत्न केला नाही. एका ड्रायक्लीनरच्या पाटीचा फोटो काढून नानांना पाठवला. त्यांचं उत्तर: "इस्त्री बरी दिसती."

इथूनच १८६९ च्या सप्टेंबरात हा संघ रेल्वेने सॅन फ्रान्सिस्कोला गेला. देश ओलांडणारी रेल्वे त्याच वर्षी १० मे रोजी जोडली गेली होती. पांढरं फ्लॅनेल, कोळशाचं इंजिन, धुरळ्याचे दिवस. पुढे शतकाच्या अखेरीस संघांनी घरी पांढरा आणि परगावी राखाडी किंवा गडद, असे दोन पोशाख करायला घेतले ते उगाच नाही. परगावी रोज धुणं कोण करणार? शाळेचा पांढरा शर्ट घालून एसटीने प्रवास केलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

१८ मे

पहिली चाचणी. आमचा पिचर सहा फूट दोन इंच. ढाल पोटावर चार बोटं आखूड दिसते. चित्रातली माणसं इतकी उंच नव्हती, हा एक बचाव. मापं घेताना मी श्वास सोडायला सांगितलं नाही, ही खरी चूक. ढाल नवी कापली. 'सी' लेकीने काढून दिला, जुन्या वळणाचा, आतल्या काट्यासकट. लाल फ्लॅनेलचा कापून बारीक टाक्यांनी ढालीवर लावला.

निकर गुडघ्याखाली पट्टी आणि बकलने आवळली. घोळ बराच ठेवला. पायघोळपेक्षा हिला कापड कमी लागेल असं वाटलं होतं, चुण्यांमुळे जवळजवळ तेवढंच लागलं.

पिचर आरशासमोर उभा राहिला, कुणाला न सांगता आधी खाली मोज्यांकडे बघितलं.

१५ जून, शनिवार

सामना झाला. हरलो, २३-१४. उन्हाचा ताप, तिसऱ्या डावानंतर जोराची सर, मग पुन्हा ऊन. आमचा पिचर एकटा १८६९ मध्ये, बाकी आठ जण सुती शर्टात, पण लोकांचे कॅमेरे त्याच्यावरच. शर्टाने छान काम केलं. भिजला तरी अंगाला चिकटला नाही, काजं सगळी शाबूत, बाहीचा जोड कुणाला दिसला नाही. घरी आल्यावर वजन केलं: कोरडा ४६० ग्रॅम होता, आता ८९०.

मोज्यांनी मात्र दगा दिला. सर पडली तसा लाल रंग सुटला. गुडघ्याशी निकरच्या पट्टीवर बोटभर गुलाबी कड, आतून जास्त. पोटऱ्या तर अशा लाल की त्याच्या बायकोला वाटलं खरचटलं.

१६ जून

रात्री याच विषयावर वाचत बसले. खेळाडूंनाही हाच त्रास होता आणि त्यांच्यासाठी तो फक्त धुण्याचा प्रश्न नव्हता. बुटांना लोखंडी खिळे असत. १९०५ मध्ये क्लीव्हलंडचा नॅप लाजवे, त्या काळातला अव्वल फलंदाज, पायात खिळे लागून जखमी झाला. जखम चिघळली, रक्तात विष भिनलं आणि कितीतरी सामने तो बाहेर बसला. दोष मोज्याच्या निळ्या रंगाला दिला गेला. खेळाडू मग आत पांढरे मोजे घालू लागले आणि वरचा रंगीत मोजा तळवा कापून नुसता पट्ट्यावर ओढू लागले. टीव्हीवर जुन्या सामन्यांत दिसतो तो रिकिबीसारखा पट्टा यातूनच आला.

लाल रंगाचा पुढचा प्रवास तर आणखी मजेशीर. सिनसिनाटीचा संघ १४ जून १८७० ला ब्रुकलिनमध्ये अटलांटिक संघाकडून अकरा डावांत ८-७ असा हरला. १८६९ पासूनची अपराजित दौड संपली, गर्दी ओसरली आणि हंगाम संपल्यावर क्लबने पगारी संघ बंद केला. हॅरी राइट बोस्टनला गेला. सोबत भाऊ जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्हे असे तिघे नेले, आणि मोजेही. नावासकट. बोस्टनने १८७२ पासून सलग चार वर्षं विजेतेपद घेतलं ते लाल मोज्यांत. तोच क्लब पुढे नॅशनल लीगमध्ये राहिला आणि १९०७ मध्ये त्याने लाल सोडून पांढरे मोजे घेतले. रंग जखमेत जातो ही धास्ती त्यामागे होती असं सांगतात. शहरातल्या दुसऱ्या, अमेरिकन लीगमधल्या संघाचे मालक जॉन टेलर यांनी त्याच वर्षी डिसेंबरात लाल रंग उचलला आणि संघाचं नाव ठेवलं रेड सॉक्स. एकाने भीतीने टाकलेले मोजे दुसऱ्याने लगेच पायात चढवले. ते अजून उतरलेले नाहीत.

काल पिचरच्या पोटरीवर ओरखडाही नव्हता हे बघून घेतलं.

२२ जून

निकर तीनदा थंड पाण्यात, एकदा व्हिनेगर, एकदा नुसत्या साबणात. कड फिकी झाली, गेली नाही. गरम पाणी घालायची सोय नाही, उरलेलं आटेल. मोजे गरम व्हिनेगरच्या पाण्यात पुन्हा बसवले आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतले. सात धुणी लागली.

नानांना कड दाखवली. कॅमेरा इतका जवळ नेला की त्यांना फक्त गुलाबी दिसत होतं.

"पट्टी उसव. कापड बोटभर आत घडी घाल, परत लाव. डाग आतल्या बाजूला जाईल."

"आखूड होईल नाना."

"गुडघ्याच्या खालीच राहतीय ना? मग काय. मोजा जरा जास्त दिसंल."

उसवली. कप्तानाचा निरोप आलाय की आता नऊच्या नऊ हवेत, पुढच्या एप्रिलपर्यंत. एकशे सव्वीस काजं.